कपाशीच्या दोन खऱ्या बातम्या आणि दोन अर्धवट ग्रुप : राजकीय कल बातमी कशी निवडतो

केळीचा_घड (धागाकर्ता)

नियम आधीच सांगतो. महाराष्ट्रातल्या पक्षांची नावं या धाग्यात नकोत. नाव आलं की पुढच्या वीस प्रतिसादांत मूळ मुद्दा तापीच्या पुरात जातो. 'अ बाजू' आणि 'ब बाजू' म्हणा, ज्याला जे समजायचं ते समजतं.

सोशल मीडिया आणि राजकारण म्हटलं की सगळे थेट खोट्या बातम्यांवर घसरतात. माझ्या मते तो या गोष्टीचा लहान तुकडा आहे. बहुतेक वेळा बातमी खरीच असते. ती पुढे जाणार की अंगठ्याखालून सरकून जाणार, हे मात्र आपला कल ठरवतो.

२०२५ च्या हंगामातला कापूस घ्या. केंद्राने २०२५-२६ साठी हमीभाव जाहीर केला : मध्यम धाग्याला क्विंटलला ७,७१० रुपये, लांब धाग्याला ८,११० (हा धागा कापसाचा, आपला नव्हे). आदल्या वर्षी हेच ७,१२१ आणि ७,५२१ होते, म्हणजे दोन्हीकडे ५८९ रुपयांची वाढ. मग १९ ऑगस्टपासून कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क माफ झालं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि नंतर मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत.

आता अ बाजूचा माणूस पहिली बातमी स्टेटसला ठेवणार, ब बाजूचा दुसरी. खोटं कोणीच बोलत नाही. पण पारोळ्याच्या शेतकऱ्याला माल आता काढावा की घरात ठेवावा हे ठरवायचं असेल, तर त्याला दोन्ही आकडे एका जागी हवेत. शिवाय तिसरी माहिती हवी. हमीभाव पूर्ण मिळतो तो ८ टक्के ओलाव्यापर्यंत, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत भावात कपात, आणि १२ च्या वर गेला की सीसीआय (हमीभावाने खरेदी करणारं केंद्राचं कापूस महामंडळ) माल घेतच नाही. त्या हंगामात विक्रीआधी 'कपास किसान' ॲपवर नोंदणीही लागत होती. ही तिसरी माहिती कुठल्याच बाजूच्या ग्रुपवर फिरत नाही, कारण तिने कोणाचीच जिरत नाही.

बाजारभावाच्या पत्रकांचंही तेच. बाजार समितीच्या पत्रकात आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे रकाने असतात. एक बाजू कमालचा आकडा कापून फिरवते, दुसरी किमानचा. सर्वसाधारण भावाला कोणी वाली नाही.

---

गिरणाथडी

घडभाऊ, तुमच्या म्हणण्याला आकड्यांचा आधार आहे. २०२१ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात पेनीकुक, रँड आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. अमेरिकेतल्या लोकांना खऱ्या आणि खोट्या बातम्यांचे मथळे दाखवले. काहींना विचारलं, "हे खरं वाटतं का?" आणि काहींना, "हे शेअर कराल का?"

'खरं वाटतं का' म्हटल्यावर लोक चांगले हुशार निघाले. खऱ्या मथळ्यांना खरं म्हणण्याचं प्रमाण खोट्यांपेक्षा जवळपास ५६ टक्केबिंदूंनी जास्त होतं. मथळा आपल्या बाजूचा की विरुद्ध, याने फरक पडला फक्त १० चा. 'शेअर कराल का' म्हटल्यावर चित्र फिरलं. खरं-खोटं याने फरक जेमतेम ६ चा, आणि आपली बाजू-परकी बाजू याने १९ चा.

म्हणजे अक्कल जागेवर असते, पण अंगठा तिला विचारत नाही. म्हणूनच "लोक अडाणी आहेत, त्यांना शिकवा" हे निदान अपुरं पडतं. त्याच संशोधकांनी एक साधा उपाय तपासला : शेअर करण्याआधी एखाद्या भलत्याच, बिनराजकीय मथळ्याबद्दल "हा खरा वाटतो का" एवढंच विचारायचं. तेवढ्यानेही पुढच्या शेअरचा दर्जा थोडा सुधारला. थोडा म्हणजे थोडाच, जादू नाही.

---

शेवभाजी_तिखट

मग आडवळणं कशाला? सरळ सांगा ना भो, जास्त थापा कोणती बाजू मारते?

---

गिरणाथडी

अमेरिकेपुरतं उत्तर आहे, आपल्यापुरतं तसंच्या तसं उचलता येत नाही.

तिथल्या २०१६ च्या निवडणुकीवर गेस, नॅगलर आणि टकर यांचा फेसबुकचा अभ्यास २०१९ मध्ये आला. बनावट बातम्यांच्या साइटची एक तरी लिंक शेअर करणारे साडेआठ टक्क्यांच्या आसपास होते, बाकीच्यांनी एकही केली नव्हती. करणाऱ्यांत उजव्या बाजूचे जास्त. पण सगळ्यात ठसठशीत फरक वयाचा निघाला : ६५ च्या पुढच्यांनी सर्वांत तरुण गटाच्या जवळपास सातपट लिंक टाकल्या होत्या, आणि पक्षाचा कल बाजूला ठेवून मोजलं तरी वयाचा परिणाम उरत होता. त्याच वर्षी ग्रिनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ट्विटरवर पाहिलं, तर बनावट साइटच्या एकूण शेअरपैकी ८० टक्क्यांच्या आसपास शेअर फक्त ०.१ टक्का खात्यांचे होते.

हे इथे लावायला अडचण ही, की हे सगळं उघड्या व्यासपीठांवरचं आणि लिंकांवरचं मोजमाप आहे. आपल्याकडे माल फिरतो बंद ग्रुपांत, आणि तोही फोटो, क्लिप, आवाजाच्या रूपात. भारतातल्या राजकीय व्हॉट्सॲप ग्रुपांमधल्या चित्रांवर गरिमेला आणि एकल्स यांचं काम आहे. त्यांनी तपासलेल्या चित्रांत साधारण १३ टक्के दिशाभूल करणारी होती, आणि त्यांचे मुख्य प्रकार तीन : जुना फोटो नव्या संदर्भात, छेडछाड केलेला फोटो, आणि खोटं विधान किंवा खोटा आकडा छापलेलं कार्ड. लक्षात घ्या, फोटोशॉपची कारागिरी यात सगळ्यात कमी लागते. जुना फोटो उचलायला कसलंच कौशल्य लागत नाही.

---

जंक्शन_भुसावळ

वरच्या 'बंद ग्रुप' शब्दावर थोडं तांत्रिक. मेसेज जिल्ह्याच्या ग्रुपवरून तुमच्या मामेभावाच्या ग्रुपवर कसा येतो हे समजलं नाही, तर कल कुठे शिरतो ते कळणार नाही.

व्हॉट्सॲपवर एका वेळी जास्तीत जास्त ५ चॅटना फॉरवर्ड करता येतं. जो मेसेज पाच किंवा जास्त हातांतून आलाय त्याला दुहेरी बाण आणि 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' ही खूण लागते, आणि तो पुढे एका वेळी एकाच चॅटला जातो (हे एप्रिल २०२० पासून). ग्रुपची कमाल संख्या १,०२४. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण, आणि त्यातही ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. निवडणूक जवळ आली की "माझा नंबर सेव्ह करून 'हाय' पाठवा" असे मेसेज सुटतात, ते यासाठी.

आता पळवाटा. मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की फॉरवर्डची खूण जाते आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. फोटोचा स्क्रीनशॉट घेतला तरी तेच. म्हणून 'फॉरवर्ड' लिहिलेलं नाही म्हणजे मजकूर त्या माणसाने स्वतः लिहिलाय, असं धरू नका.

पक्षाची उतरंड राज्य, जिल्हा, तालुका, बूथ अशी. बूथपर्यंत मेसेज फॉरवर्ड म्हणून येतो. शेवटची पायरी बूथवरचा कार्यकर्ता चढतो : तो मजकूर कॉपी करतो, वर 'राम राम मंडळी' लिहितो आणि भाऊबंदकीच्या, दूध डेअरीच्या, भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकतो. तिथे तो पक्षाचा मजकूर राहत नाही, 'आपल्या नानांचा मेसेज' होतो. तपासण्याची इच्छाच तिथे मरते, कारण नानांना कोण विचारणार?

ओळखायची खूण : मजकुरातले काही सलग सहा-सात शब्द अवतरणचिन्हांत घालून गूगलवर किंवा फेसबुकच्या शोधात टाका. तीच वाक्यं, तीच शुद्धलेखनाची चूक, तोच इमोजी दहा ठिकाणी सापडला की ते नानांचं लेखन नाही.

फेसबुकची तऱ्हा वेगळी. तिथे २०१७ पासून काही काळ इमोजी प्रतिक्रियांना साध्या लाईकच्या पाचपट वजन होतं, त्यात रागाचा चेहराही होता. त्याचं वजन शून्यावर आणलं २०२० मध्ये. पण कॉमेंट अजूनही मोजली जातेच, त्यामुळे समोरच्या बाजूच्या पोस्टखाली चिडून वाद घालणारा तीच पोस्ट वर ढकलत असतो.

---

कळण्याची_भाकरी

नेत्यांच्या भाषणाच्या क्लिपबद्दल एक गोष्ट कोणी बोलत नाही, म्हणून लिहिते. मराठीची वाक्यरचनाच क्लिप कापणाऱ्याच्या सोयीची आहे.

आपण दुसऱ्याचं बोलणं आधी सांगतो आणि 'असं ते म्हणतात' शेवटी जोडतो. समजा वक्ता म्हणाला : "शेतकऱ्याला वीज फुकट देणं परवडत नाही, असं समोरचे म्हणतात." आता 'नाही'नंतर कात्री लावा. समोरच्याचं वाक्य वक्त्याच्या तोंडी बसलं. एकही शब्द बदलला नाही, आवाज खरा, चेहरा खरा, दिवस खरा. इंग्रजीत 'ते म्हणतात' बहुधा आधी येतं, तिथे हे इतकं सोपं जात नाही. तीच गत 'म्हणे'ची, 'की काय?'ची, आणि शेवटी येणाऱ्या 'हे मी मान्य करत नाही'ची.

म्हणून क्लिप बघताना :

– शेवटच्या शब्दानंतर वक्त्याचं तोंड मिटतं का बघा. ओठ पुढच्या शब्दासाठी उघडे असतील तर वाक्य कापलंय.
– गर्दीचा आवाज कान देऊन ऐका. मधेच टाळ्या किंवा भोंगा तुटला तर तिथे जोड आहे.
– क्लिप ८-१० सेकंदांची असेल तर पूर्ण भाषण काढा. बहुतेक सभा पक्षाच्या किंवा वृत्तवाहिनीच्या यूट्यूब पानावर थेट दाखवलेल्या असतात. व्हिडिओखालची 'ट्रान्सक्रिप्ट' उघडून क्लिपमधला एखादा वेगळा शब्द शोधा. मराठी ट्रान्सक्रिप्ट चुका करते आणि खान्देशी ठसक्यात तर जास्तच, पण जागा सापडते. तिथून ३० सेकंद मागे आणि ३० पुढे ऐका.

अडचण इथे येते : हा खटाटोप आपण फक्त समोरच्या बाजूच्या नेत्याचं कौतुक करणाऱ्या क्लिपसाठी करतो. त्याची फजिती करणारी क्लिप आली की आठ सेकंद पुरतात.

---

केळीचा_घड

ताई, 'नाही'वरची कात्री जबरदस्त. छापील कात्रणांचं पण सांगा कोणीतरी. आमच्या भागात लोकांचा अजून पेपरवर विश्वास आहे, म्हणून खोटी कात्रणंच जास्त फिरतात.

---

पांझराकाठ

कात्रणाचं सांगतो.

ई-पेपरमधून त्यांच्याच कात्रीने कापलेल्या तुकड्यावर बहुधा वर किंवा खाली पेपरचं नाव, तारीख, आवृत्ती आणि पान येतं. नुसता मजकूर असेल तर तीन गोष्टी मागा : कोणता पेपर, कोणती आवृत्ती, कोणती तारीख. जळगाव, धुळे आणि नंदुरबारची पानं वेगळी असतात, त्यामुळे "आजच्या पेपरला आहे, बघा" एवढं पुरत नाही. धुळ्याच्या पानावरची बातमी जळगावला न दिसणं यात नवल नाही, पण आवृत्ती सांगितल्यावरही त्या पानावर ती नसेल तर विषय संपला.

बनावट कात्रण बहुतेकदा ॲपवर तयार होतं. त्यात रकाने ताणलेले, ओळींतलं अंतर मोबाईलसारखं, जोडाक्षरं फुटलेली, आणि मथळ्यात 'खळबळ' दोनदा. पण नुसत्या फाँटवर जाऊ नका. खऱ्या पेपरातही चुका छापून येतात.

सगळ्यात फसवं असतं ते खरं पण जुनं कात्रण. तारखेची पट्टी कापली की २०१९ ची पाणीटंचाई आजची होते. बातमीतल्या पदांवरून वर्ष काढा. पालकमंत्री, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक बदलत राहतात. बातमीत ज्याचा उल्लेख आहे तो आज त्या पदावर आहे का, एवढं पाहिलं तरी निम्मी कात्रणं गळतात.

राजकीय नसलं तरी एक लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण जागा आपलीच आहे. राईनपाडा, तालुका साक्री, १ जुलै २०१८. मुलं पळवणारी टोळी फिरतेय या अफवेवरून भटक्या समाजातल्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारलं. त्या काळात देशभर अपहरणाचा म्हणून फिरलेला एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेला होता. शेवटी मूल परत आणून देतात आणि जागरूकतेची पाटी येते, तेवढाच भाग कापलेला होता. ताईंनी वर लिहिलेली शेपटाची कात्री ती हीच. व्हॉट्सॲपने भारतात पाच चॅटची मर्यादा जाहीर केली ती त्याच महिन्यात.

---

जंक्शन_भुसावळ

फोटो-व्हिडिओची तपासणी मी लिहितो. दरवर्षी हमखास येणारं उदाहरण : हतनूर. धरणाला ४१ दरवाजे. पावसाळ्यात ते उघडल्याचा व्हिडिओ दोन प्रकारे फिरतो. एका बाजूसाठी "प्रशासन झोपलं, गावं पाण्यात", दुसऱ्या बाजूसाठी "बघा, यंत्रणा किती सज्ज". व्हिडिओ बऱ्याचदा एकच, आणि तोही मागच्या कुठल्यातरी वर्षाचा.

१. व्हिडिओ थांबवून ३-४ चौकटींचे स्क्रीनशॉट घ्या. वरचा मजकूर, लोगो, इमोजी छाटून टाका, नाहीतर शोध त्या अक्षरांवरच अडकतो.
२. गूगल लेन्समध्ये टाका आणि हुबेहूब जुळणारी चित्रं बघा. पहिला निकाल नको, सगळ्यात जुनी तारीख हवी. तिथे नाही मिळालं तर टिनआय आणि यांडेक्स. संगणक असेल तर इनव्हिडचं प्लगइन व्हिडिओच्या चौकटी आपोआप काढून देतं.
३. आकडा जुळवा. पाटबंधारे विभाग विसर्ग क्युसेकमध्ये देतो आणि किती दरवाजे किती मीटरने उघडले तेही सांगतो. व्हिडिओत सगळे दरवाजे पूर्ण उघडे आणि आजच्या पत्रकात चार दरवाजे अर्धा मीटर, म्हणजे व्हिडिओ आजचा नाही.
४. जागेच्या खुणा बघा : एसटीवरचं आगाराचं नाव, दुकानाची पाटी, गाड्यांचे नंबर. एमएच १९ जळगाव, १८ धुळे, ३९ नंदुरबार. मात्र रावेर-मुक्ताईनगरला मध्य प्रदेशच्या आणि नवापूरला गुजरातच्या गाड्या रोजच्याच, त्यामुळे नुसत्या नंबरवर निकाल देऊ नका.
५. पीक बघा. हे बाहेरच्या फॅक्टचेकवाल्यांना सुचत नाही. मागे कपाशी बोंडाने फुटलेली आणि दावा मे महिन्याचा, तर बोलणंच खुंटलं.

पैसे देऊन पसरवलेली पोस्ट असेल तर मेटाची ॲड लायब्ररी उघडा. देश भारत, जाहिरातीचा प्रकार 'सामाजिक प्रश्न, निवडणूक किंवा राजकारण', मग पानाचं नाव टाका. खर्च कोणाच्या नावाने झाला, साधारण किती रुपयांचा आणि कोणत्या राज्यात दिसली हे येतं. '…समाचार' किंवा 'जनतेचा आवाज' छाप नावाची पानं उघडी पडतात ती इथेच. फुकट फिरणारी पोस्ट मात्र यात सापडत नाही, हे ध्यानात ठेवा.

---

शेवभाजी_तिखट

एवढं सगळं एका मेसेजसाठी? तोवर तो गुजरातेत पोचतो. लोकांना एकदाच नीट प्रशिक्षण द्या, शाळेत, ग्रामपंचायतीत.

---

गिरणाथडी

तेही करून पाहिलंय. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी सुमित्रा बद्रीनाथन यांनी बिहारमध्ये १,२२४ लोकांवर प्रयोग केला. घरी जाऊन साधारण तासाभराचं प्रशिक्षण, उलट चित्रशोधासकट (फोटो टाकून तो आधी कुठे आला होता ते शोधणं). एकूण सरासरीवर परिणाम दिसला नाही. त्याहून बोलकं हे, की केंद्रातल्या सत्ताधारी पक्षाचे समर्थक प्रशिक्षणानंतर आपल्या बाजूच्या खोट्या बातम्या ओळखण्यात उलट मागे पडले. हत्यार दिलं तरी ते कोणावर चालवायचं हे कल ठरवतो.

पण निराश व्हायचं कारण नाही. बद्रीनाथन आणि शोशार यांचा नंतरचा अभ्यास भारतीय वापरकर्त्यांवरचाच आहे. मेसेजखाली दुसऱ्या कोणीतरी साधं "हे खरं वाटत नाही" लिहिलं, पुरावा न देता, तरी वाचणाऱ्यांचा त्या मेसेजवरचा विश्वास कमी झाला. लांबलचक, संदर्भासहित खुलाशाने फार जास्त फायदा झाला असंही नाही. म्हणजे खुलासा लांब नको, लगेच हवा, आणि आपल्यातल्याच माणसाचा हवा.

"हाई कथाईन उनं भो?" (हे कुठून आलं भाऊ?) एवढं अहिराणीत विचारलं तरी काम होतं. शुद्ध पुस्तकी मराठीत खुलासा लिहिला की तो सरकारी परिपत्रकासारखा दिसतो आणि लोक वर सरकवतात.

---

धडगाव_घाट

सगळ्यांचे प्रतिसाद वाचणाऱ्या माणसासाठी आहेत. अक्राणी-अक्कलकुव्यात मेसेज ऐकले जातात. पावरी नाहीतर भिली या आदिवासी बोलींतली दोन-तीन मिनिटांची व्हॉईस नोट. तिला लेन्स चालत नाही, अवतरणचिन्हांतला शोध चालत नाही, आणि मराठी-हिंदीतले फॅक्टचेक त्या माणसाच्या उपयोगाचे नाहीत.

तिथे तपासणी तोंडी करावी लागते. नोट ऐकताना चारच गोष्टी कागदावर उतरवा : गावाचं नाव, दिवस, योजनेचं किंवा अधिकाऱ्याचं नाव, आणि ऐकणाऱ्याने काय करायचंय. खऱ्या सूचनेत गाव आणि दिवस असतात. बनावट नोटेत 'पलीकडच्या पाड्यावर', 'काल-परवा', 'साहेब म्हणाले' असतं, आणि शेवटची मागणी मात्र पक्की असते : "अमक्याला मत दिलं तर वनजमिनीचा पट्टा जाईल." पट्टा, रेशन आणि महिन्याचं अनुदान, या तीन धाग्यांना हात घालणारी नोट मतदानाच्या आठवड्यात आली की ग्रामसेवक किंवा तलाठ्याला फोन करून विचारायचं, आणि उत्तर त्याच भाषेत, त्याच ग्रुपवर, वीस-तीस सेकंदांत बोलून टाकायचं. मूळ नोट पुन्हा वाजवायची नाही, आणि तिच्यातला दावा खुलाशाच्या सुरुवातीला उच्चारायचा नाही. "पट्टा जात नाही" इथून सुरू करायचं. लोक अर्धी नोट ऐकून सोडतात, मग पहिलं वाक्यच खोटं असेल तर तेच कानात राहतं.

---

केळीचा_घड

हे सोन्यासारखं आहे, भाऊ. आता ॲडमिन लोकांसाठी. माझी मांडणी अशी, चुकत असेल तर बोला.

राजकारण पूर्ण बंद हा नियम गावच्या ग्रुपवर टिकत नाही. पाणी, वीज, पीकविमा, रस्ता यांतलं काहीही काढलं तरी राजकारण आहेच. त्यापेक्षा अट घाला : बातमी टाकणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत एक ओळ लिहायची, आणि तारीख व मूळ ठिकाण द्यायचं. नुसता फॉरवर्ड काढला जाईल. ॲडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, पण तो वापरलात तर कारण लिहा, नाहीतर 'ॲडमिन अमक्या बाजूचा' हा शिक्का ठरलेला.

चूक सापडली तर मूळ मेसेज ठेवून त्यालाच रिप्लाय म्हणून दुरुस्ती टाका आणि दुरुस्ती पिन करा, ७ दिवसांसाठी. पिनला २४ तास, ७ दिवस, ३० दिवस असे पर्याय आहेत. मूळ पुसलं की ज्यांनी ते वाचून पुढे पाठवलंय त्यांना चूक कोणती होती हेच समजत नाही. मेसेज एडिट करायला १५ मिनिटं मिळतात, पण पुढे गेलेल्या प्रती एडिटने बदलत नाहीत. आणि मतदानाआधीचे दोन दिवस ग्रुप 'फक्त ॲडमिन'वर टाका, सरळ.

---

कळण्याची_भाकरी

एक सुधारणा. काही ॲडमिन 'समतोल' म्हणून एका बाजूची पोस्ट काढली की दुसऱ्या बाजूची एक काढतात. हिशेब जुळला, बातमी मेली. एका दिवशी एका बाजूच्या चार खोट्या पोस्ट आल्या तर चार काढा, दुसऱ्या बाजूची खरी पोस्ट बळी देऊ नका.

---

कोर्टाची_पायरी

कायद्याचं थोडक्यात, कारण इथेही अफवा भरपूर आहेत.

सदस्याच्या पोस्टसाठी ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये हे म्हटलंय. समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत दिसला तर गोष्ट वेगळी. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलंय, त्याची भीती घालणारे मेसेज अजून फिरतात. सध्या लागू होतं ते भारतीय न्याय संहितेचं ३५३ (अफवा, खोटी माहिती, तीन वर्षांपर्यंत शिक्षा) आणि १९६ (गटांत वैर पसरवणं). ३५३ मध्ये सद्हेतूने आणि खरं मानण्यास वाजवी कारण असताना केलेल्या विधानाला अपवाद आहे. मूळ बातमी तपासल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवायचा तो यासाठी. 'जसा आला तसा पाठवला' ही ढाल कच्ची आहे : २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने पुढे पाठवणाऱ्यालाही जबाबदार धरलं.

निवडणुकीत आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारीच्या ॲपवर गॅलरीतला फोटो चढत नाही, जागेवरच काढावा लागतो. म्हणून व्हॉट्सॲपच्या स्क्रीनशॉटची तक्रार तिथे जमत नाही. ती जिल्हा निवडणूक कार्यालयातल्या माध्यम प्रमाणन व सनियंत्रण समितीकडे लेखी द्या : लिंक, स्क्रीनशॉट, तारीख-वेळ, आणि ग्रुपचं नाव.

---

शेवभाजी_तिखट

एक शंका. २०२४ ला खान्देशात लोकसभेचं मतदान १३ मे ला झालं. मग त्याच रात्री एक्झिट पोल टाकला तर कायद्याने काय बिघडलं? आपलं मतदान तर संपलेलं.

---

कोर्टाची_पायरी

बिघडलं. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६अ सगळ्या टप्प्यांना मिळून लागतं. त्या वर्षी १९ एप्रिलच्या सकाळपासून १ जूनच्या संध्याकाळी साडेसहापर्यंत एक्झिट पोलला देशभर बंदी होती. त्यामुळे तपासणाऱ्याचं काम उलट सोपं : त्या काळात फिरलेलं 'एक्झिट पोल' कार्ड एकतर बनावट, नाहीतर बेकायदा. तिसरा पर्याय नाही.

---

पांझराकाठ

आणि 'खान्देशात १३ मे' हे पण चूक. जळगाव, रावेर आणि नंदुरबार १३ मे. धुळे जिल्हा २० मे.

---

धडगाव_घाट

पांझराकाठ, तुमचीही अर्धी चूक. २० मे धुळे लोकसभा मतदारसंघाला, धुळे जिल्ह्याला नाही. साक्री आणि शिरपूर विधानसभा नंदुरबार लोकसभेत येतात, तिथे १३ मे लाच मतदान झालं. आणि २० मे च्या धुळे मतदारसंघात मालेगाव-बागलाण म्हणजे नाशिक जिल्हा पण होता.

---

पांझराकाठ

बरोबर. साक्री आमचंच आणि मीच विसरलो. वरचा प्रतिसाद पुसत नाही, खाली दुरुस्ती जोडतो.

---

शेवभाजी_तिखट

माझ्यात पण दुरुस्ती : "जळगाव, रावेर, नंदुरबार (साक्री-शिरपूर धरून) १३ मे, धुळे मतदारसंघ २० मे." घडभाऊ, हे पिन करा, सात दिवस.